रिपोर्टमधले दशांश : ६.४ आणि ६.६ मध्ये खरा फरक किती?

काही महिन्यांपूर्वी एक बाई यजमानांबरोबर दवाखान्यात आल्या, हातात दोन रिपोर्ट. वय ४६. आईला मधुमेह होता म्हणून त्यांनी स्वतःहून तपासणी करून घेतली होती. पहिल्या लॅबमध्ये एचबीए१सी ६.४ आला. काठावर आहे, पण डायबेटिस नाही, असे त्यांना कळले. यजमानांचे समाधान होईना, म्हणून चार दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिले. तिथे आला ६.६. म्हणजे डायबेटिस. त्या रात्री दोघांनाही झोप लागली नव्हती. बसल्या बसल्या यजमानांनी विचारले, "डॉक्टर, यातली कुठली लॅब चुकली?"

बहुधा कुठलीच नाही, असे मी सांगितले. त्यांना ते पटले नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. छापील कागदावर दशांशासकट आकडा असला की तो पक्काच असणार, असे आपल्याला वाटते. खरे तर प्रत्येक मोजमापाच्या आधी "सुमारे" हा शब्द असतो. तो रिपोर्टवर छापलेला नसतो, एवढेच.

६.५ ही रेषा किती जाड आहे?

एचबीए१सी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देते. ५.७ पेक्षा कमी म्हणजे नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची अवस्था आणि ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, अशी विभागणी जगभर वापरली जाते.

आता ही तपासणी करणारे यंत्र किती बिनचूक असावे लागते ते पाहू. या तपासणीच्या पद्धतींना प्रमाणपत्र देणारा एनजीएसपी नावाचा कार्यक्रम अमेरिकेतून चालतो. त्याची कसोटी अशी, की ४० नमुन्यांपैकी किमान ३६ नमुन्यांचे उत्तर प्रमाण पद्धतीच्या उत्तरापासून ५ टक्क्यांच्या आत यायला हवे. ६.५ चे ५ टक्के म्हणजे साधारण ०.३. म्हणजेच ज्याची खरी पातळी ६.५ आहे, त्याचा रिपोर्ट एका चांगल्या, प्रमाणित यंत्रावर ६.३ येऊ शकतो आणि दुसऱ्या तितक्याच चांगल्या यंत्रावर ६.७. कोणीही चुकलेले नसते.

म्हणूनच काही लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावरून मधुमेहाचे निदान करायचे नसते. तीच तपासणी पुन्हा करतात किंवा उपाशीपोटीची साखर बघतात, आणि दोन्ही उत्तरे मधुमेहाकडे बोट दाखवत असतील तरच निदान पक्के करतात. खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणे असतील आणि साखर २०० च्या वर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थांबण्याचे कारण नसते.

या बाईंची उपाशीपोटीची साखर १०८ आली. ही नॉर्मलपेक्षा जास्त, पण मधुमेहाच्या १२६ च्या रेषेपासून लांब. हिमोग्लोबिन होते ९.६. पाळीत जास्त रक्त जात होते आणि शरीरातले लोह कमी होते. लोह कमी असले की एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. याच्या उलट, सिकलसेलच्या रुग्णांमध्ये लाल पेशी लवकर मरतात आणि एचबीए१सी फसवा कमी दिसू शकतो. विदर्भात किंवा नंदुरबार, पालघरच्या आदिवासी भागात काम करणाऱ्या डॉक्टरांना हे कायम लक्षात ठेवावे लागते. बाईंना आम्ही लोहाच्या गोळ्या दिल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि आहार व चालण्याबद्दल बोललो. साखरेची गोळी दिली नाही. हिमोग्लोबिन सुधारल्यावर केलेला एचबीए१सी ६.१ आला. मधुमेहाचा धोका त्यांना आहेच, दरवर्षी तपासणी करावी लागणार. पण "डायबेटिसचा पेशंट" हा शिक्का दोन दशांशांच्या फरकावर बसला असता, तो टळला.

सार्थक अंक

शाळेत विज्ञानाच्या तासाला "सार्थक अंक" शिकल्याचे काहींना आठवत असेल. मोजमापातले जे अंक आपल्या साधनाच्या भरवशावर सांगता येतात ते सार्थक. शिंपी टेपने कंबर मोजतो आणि "साडेचौतीस" म्हणतो. तो "चौतीस पूर्णांक सदतीस शतांश" म्हणाला तर आपण हसू, कारण त्या टेपवर तेवढ्या बारीक खुणाच नाहीत. रिपोर्ट वाचताना मात्र आपण हसत नाही.

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट काढून बघा. समजा त्यात कोलेस्टेरॉल २०६, एचडीएल ४३ आणि ट्रायग्लिसराइड १८७ आहे. खाली एलडीएल, म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉल, छापलेले असते १२५.६०. हे दोन दशांश आले कुठून? बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्राने ते काढतात. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागायचे, म्हणजे ३७.४. ते आणि एचडीएल एकूण कोलेस्टेरॉलमधून वजा करायचे. उरले १२५.६. शेवटचे शून्य संगणकाने सवयीने लावले. दशांश भागाकारातून जन्मला, तुमच्या रक्तातून नाही. शिवाय ज्या तीन आकड्यांवरून हे काढले, ते स्वतःच पाच-दहाने इकडेतिकडे असू शकतात. ट्रायग्लिसराइड तर आदल्या रात्रीच्या लग्नाच्या जेवणानेही बरेच वाढते आणि ४०० च्या वर गेले की हे सूत्र वापरतच नाहीत. तेव्हा मागच्या वेळी १२१.८० होते आणि आता १२५.६० आहे, म्हणून "वाढले" असे म्हणू नका. दोन्ही वेळा सुमारे १२५ आहे.

याच जातीचे सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण तुमच्या घरातल्या थर्मामीटरवर आहे. ९८.६ अंश फॅरनहाइट म्हणजे नॉर्मल ताप, हे आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. हा आकडा जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांच्यामुळे रूढ झाला. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हजारो रुग्णांच्या तापमानाच्या नोंदींवरून निष्कर्ष काढलेले होते आणि निरोगी माणसाचे सरासरी तापमान त्यांनी ३७ अंश सेल्सिअस धरले. ३७ चे फॅरनहाइट केले की गणिताने ९८.६ येते. मूळ आकडा गोल होता, रूपांतरात त्याला दशांश चिकटला आणि सुमारे दीडशे वर्षे तो दशांश लोकांना घाबरवतो आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत मॅकोविआक आणि सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांचे तापमान तोंडात थर्मामीटर ठेवून मोजले, तेव्हा सरासरी ९८.२ आली. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, असा चढउतारही दिसला. संध्याकाळी ९९ दिसले म्हणून "अंगात कणकण आहे" असे समजून पॅरासिटामॉल घेणारे बरेच जण मला भेटतात. मोठ्या माणसात १००.४ च्या खालच्या आकड्याला आम्ही सहसा ताप म्हणत नाही. मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि १००.४ किंवा जास्त भरले, तर मात्र घरी वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

घरचे ग्लुकोमीटर आणि लॅब जुळत का नाहीत?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. घरी १५८ आणि लॅबमध्ये १४२, मग मशीन खराब आहे का?

ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०१३ च्या आवृत्तीनुसार १०० किंवा त्याहून जास्त साखर असताना ९५ टक्के उत्तरे लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के आत, आणि १०० पेक्षा कमी असताना १५ अंकांच्या आत असली पाहिजेत. म्हणजे लॅबमध्ये १६० असेल तर घरच्या मशीनवर १३६ ते १८४ यातले काहीही आले तरी मशीन पास. ८० असेल तर ६५ ते ९५. हे वाचून काही लोक निराश होतात. पण हे मशीन बनवले आहे ते साखर ९० आहे की २९० आहे हे घरबसल्या कळण्यासाठी, आणि ते काम ते चोख करते.

मशीनची अंगची मर्यादा वेगळी आणि आपण घातलेली चूक वेगळी. मे महिन्यात आंबा कापून, हात फक्त फडक्याला पुसून बोट टोचले की साखर शंभराने जास्त दिसू शकते, कारण ती साखर बोटावरची असते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. पट्ट्यांची डबी स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा उघडी ठेवू नका, तारीख उलटलेली पट्टी वापरू नका. लॅबमध्येही साखर घटू शकते. रक्त साध्या नळीत तसेच पडून राहिले तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला ती ५ ते ७ टक्के कमी होते. म्हणून साखरेसाठी वेगळ्या टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात आणि रक्त लवकर वेगळे करतात. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा तुमचा नमुना पिशवीत घेऊन दुपारपर्यंत फिरणार असेल, तर त्याला तेवढे विचारायला हरकत नाही.

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. भाजीवाल्याचा काटा प्रत्येक वेळी बरोबर ५० ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर त्यात सातत्य आहे, अचूकपणा नाही. दुसऱ्याचा काटा कधी २० ने जास्त, कधी २० ने कमी दाखवतो. त्याची सरासरी बरोबर, पण एका वजनावर भरवसा नाही. दोन वेगळ्या लॅब म्हणजे दोन वेगळे काटे. म्हणून "दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा" असे डॉक्टर सांगतात, त्याला हे कारण आहे. (कमिशनचे कारण असते असा संशय लोक घेतात. काही ठिकाणी तो खराही असेल. पण सल्ला बरोबर आहे.)

एक मात्र पाळा. मशीनवर ७४ दिसते आहे आणि घाम, थरथर, छातीत धडधड होते आहे, तर "सत्तरच्या वर आहे ना" म्हणून थांबू नका. त्या ७४ चा खरा आकडा ६० असू शकतो. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

शरीर तरी कुठे स्थिर असते?

यंत्र अगदी आदर्श असते तरी आकडा बदलला असता, कारण शरीर बदलत असते. सगळ्यांत जास्त त्रास यामुळे थायरॉइडच्या रुग्णांना होतो. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी कमी. थायरॉइडच्या कामात काहीही फरक न पडता एकाच माणसाचा टीएसएच ५० टक्क्यांपर्यंत कमीजास्त होऊ शकतो. गोळी चालू असलेल्या एका काकांनी ३.१ चा ४.३ झाला म्हणून परस्पर २५ मायक्रोग्रॅमने डोस वाढवला आणि महिन्याभराने छातीत धडधड होते म्हणून आले. पहिला नमुना दुपारी एकचा होता, दुसरा सकाळी सातचा. दोन्ही रिपोर्टवर वेळ छापलेली होती. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. काही पद्धतींमध्ये त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात.

रक्तदाबाचेही तसेच. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या अंतराने रेघा असतात, त्यामुळे १३८ की १४० यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पाच मिनिटे शांत बसून, मिनिटाच्या अंतराने दोन-तीनदा मोजा आणि सरासरी लिहा.

आणि "फुल बॉडी" पॅकेजमध्ये एखादा आकडा ठळक अक्षरांत आला म्हणून घाबरू नका. नॉर्मलची मर्यादा बहुतेक वेळा अशी ठरवतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसतात. म्हणजे प्रत्येक तपासणीत वीसपैकी एक धडधाकट माणूस बाहेर पडणारच. साठ-सत्तर तपासण्या केल्यावर एकही आकडा ठळक आला नाही, तर मलाच नवल वाटते.

डेंग्यू आणि प्लेटलेटचा बाजार

पावसाळा संपत आला की वॉर्डाबाहेर नातेवाईक मोबाइलवर प्लेटलेटचे आकडे एकमेकांना वाचून दाखवत असतात. सकाळी २४,०००, दुपारी २१,०००. लगेच रक्तपेढ्यांना फोन सुरू. एवढ्या खालच्या पातळीवर मोजणी यंत्राची अचूकता आणखी कमी होते. त्याच नळीतले रक्त पुन्हा यंत्राला दिले तरी दोन-तीन हजारांचा फरक पडू शकतो. २४ आणि २१ यांना मी एकच आकडा मानतो. कधीकधी नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र ते मोजतच नाही. माणूस ठणठणीत, कुठे रक्त नाही, पुरळ नाही आणि रिपोर्ट १५,००० आला, तर काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करायला सांगावे.

रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेट साधारण १०,००० च्या खाली जाईपर्यंत सहसा चढवत नाहीत. भारतातल्या डेंग्यूच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हीच मर्यादा दिलेली आहे. डेंग्यूमध्ये जीव जातो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपून रक्तदाब पडल्यामुळे, आणि हे घडते ताप उतरत असताना, जेव्हा घरच्यांना वाटते की आता बरे वाटेल. तेव्हा नातेवाईकांनी आकड्यांपेक्षा माणसाकडे बघावे. पोटात सतत दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येते का, हातपाय गार पडलेत का, मूल सुस्त झाले आहे का, सहा तासांत लघवी झाली का. यातले काही दिसले तर प्लेटलेट ८०,००० असल्या तरी लगेच डॉक्टरांना सांगा.

जिथे छोटा फरकही मोठा असतो

हे वाचून "रिपोर्टचे काय, इकडेतिकडे होतातच" असे कोणी म्हणू नये म्हणून किडनीबद्दल लिहितो.

क्रिॲटिनिनवरून किडनीची कार्यक्षमता, म्हणजे ईजीएफआर, सूत्राने काढतात. ६२ वर्षांच्या पुरुषाचे क्रिॲटिनिन १.३ असेल तर सध्याच्या सूत्राने ईजीएफआर सुमारे ६२ येतो. १.४ असेल तर ५७. फक्त एका दशांशाने माणूस ६० च्या रेषेच्या खाली गेला आणि रिपोर्टवर "किडनीचा आजार, तिसरा टप्पा" छापून आले. म्हणून तीन महिन्यांहून जास्त काळ आकडा ६० च्या खाली राहिला तरच आम्ही तसे निदान करतो, आणि लघवीतले प्रथिनही तपासतो. ५६.८३ असा ईजीएफआर छापणाऱ्या लॅबला माझी विनंती राहील की ५७ लिहावे. किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सूचनाही पूर्णांकच लिहायला सांगतात.

पण हेच क्रिॲटिनिन रुग्णालयात दाखल माणसात ४८ तासांत ०.९ वरून १.२ झाले तर? १.२ हा आकडा बऱ्याच लॅबच्या "नॉर्मल" रकान्यात बसतो. तरीही दोन दिवसांत ०.३ ची वाढ ही किडनीला अचानक इजा झाल्याची खूण मानतात. जुलाब-उलट्यांनंतर, वेदनाशामक गोळ्या चालू असताना किंवा जंतुसंसर्गात असे झाले तर औषधे बदलावी लागतात, सलाइनचा हिशोब पुन्हा करावा लागतो. पोटॅशियमचेही असेच. शरीर ते ३.५ ते ५ च्या अरुंद पट्ट्यात जपते. ५.२ चे ६.४ झाले तर हृदयाची लय बिघडू शकते, त्याच तासाला ईसीजी हवा. (रक्त काढताना पेशी फुटल्या तरी पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. पण ते ठरवण्यासाठी लगेच दुसरा नमुना पाठवायचा असतो, उद्या बघू म्हणायचे नसते.)

त्यामुळे फरक किती आहे याबरोबर तो किती दिवसांत पडला आणि तेव्हा माणूस कसा होता, हे बघावे लागते. यासाठी डॉक्टरला जुने रिपोर्ट लागतात. मोबाइलमधला नुसता आकड्यांचा फोटो पुरत नाही. कागदाचा वरचा भागही दिसू द्या. लॅबचे नाव, तारीख, नमुना घेतल्याची वेळ आणि तो उपाशीपोटी होता की नाही, हे सगळे तिथेच असते. वहीत साखर लिहिणाऱ्यांनी आकड्याशेजारी वेळ आणि काय खाल्ले ते लिहावे. आणि ग्लुकोमीटरची शंका असेल तर लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त देताना मशीन बरोबर न्या. नसेतून रक्त घेतल्यावर लगेच, हात धुऊन, तिथेच बोट टोचून तपासा आणि दोन्ही आकडे पुढच्या भेटीत दाखवा. फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर नवीन मशीन घेऊ नका.